रिअॅक्शन लावल्यावर

रसायनशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याचा दिवस रिअॅक्शनच्या वेळेवर चालतो. चहाला कधी उठायचं, मेसवर जायचं की डबा मागवायचा, शनिवारच्या नाटकाचं तिकीट काढायचं का, रविवारी सिंहगड चढायचा का, या सगळ्याचा निकाल फ्यूमहूडमध्ये, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात, चुंबकावर ढवळत असलेला गोल बुडाचा फ्लास्क देतो. पुण्यात हे आयुष्य जवळून पाहायचं तर विद्यापीठ चौकातून पाषाणकडे जाणारा रस्ता धरावा. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, सगळ्यांच्या तोंडची ‘एनसीएल’, इथे १९५० पासून आहे. २००६ साली सुरू झालेली ‘आयसर’ तिच्याच शेजारी आहे, आणि चौकाच्या पलीकडे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात रसायनशास्त्र विभाग आहे. या ठिकाणी काम करणारे शेकडो विद्यार्थी वसतिगृहांत किंवा पाषाण, सुतारवाडी, सूस, बाणेर भागांत दोघे-तिघे मिळून घेतलेल्या घरांत राहतात. त्यांच्यात ‘ऑरगॅनिक’वाले, म्हणजे नवे रेणू घडवणारे, बरेच असतात. पुढचं वर्णन मुख्यतः त्यांचं आहे.

इथवर यायला बहुतेकांना ‘नेट’ या राष्ट्रीय पात्रता परीक्षेची पायरी चढावी लागते. वर्षातून दोनदा होणाऱ्या या परीक्षेत जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती, मिळाली तर पाच वर्षांच्या पाठ्यवृत्तीची सोय होते: पहिली दोन वर्षं कनिष्ठ, पुढची तीन वरिष्ठ. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ पाठ्यवृत्ती दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ ४२,००० रुपये झाली, घरभाडं वेगळं. महाराष्ट्रातल्या अनेकांना बार्टी, सारथी किंवा महाज्योती या संस्थांची अधिछात्रवृत्ती असते. कागदावर रक्कम चांगली दिसते. पण ती दर महिन्याच्या एक तारखेला येईलच असं नसतं. कधी चार-पाच महिने काही येत नाही आणि मग सगळं एकदम जमा होतं. त्यामुळे प्रत्येक लॅबमध्ये उसनवारीचा एक अबोल हिशोब चालू असतो. ज्याची आली त्याने घरमालकाचं भाडं भागवायचं, ज्याची अडली त्याने पुढच्या वेळी. शेतकऱ्याच्या किंवा शिक्षकाच्या घरातून आलेल्या मुलामुलींना यातूनच घरीही पैसे पाठवायचे असतात, धाकट्या भावंडाची फी भरायची असते. फिरायला जाण्याचे बेत या हिशोबाला धरूनच होतात, आणि म्हणूनच त्यात टेकड्या, किल्ले आणि चहाच्या टपऱ्या जास्त असतात.

सकाळी नऊ-साडेनऊला लॅब भरते. आल्यावर पहिलं काम म्हणजे रात्रभर ढवळत ठेवलेल्या रिअॅक्शनचं टीएलसी (थिन लेयर क्रोमॅटोग्राफी) बघणं. बोटाएवढ्या पट्टीवर सिलिकाचा पातळ थर असतो. केसासारख्या बारीक काचनळीने त्यावर सुरुवातीच्या पदार्थाचा आणि रिअॅक्शनमधल्या द्रवाचा ठिपका शेजारी शेजारी ठेवायचा आणि पट्टी झाकणाच्या बाटलीत थोड्याशा द्रावकात उभी करायची. द्रावक वर चढतं, ठिपके आपापल्या वेगाने त्याच्याबरोबर वर जातात. मग पट्टी २५४ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली धरायची. तिथे दिसलं नाही तर परमँगनेटमध्ये बुडवून हीटगनने तापवायची. जांभळ्या पट्टीवर पिवळे-तपकिरी डाग उमटतात. सुरुवातीचा स्पॉट नाहीसा होऊन एकच नवा स्पॉट दिसला तर दिवस चांगला जाणार. सात-आठ स्पॉट दिसले तर संध्याकाळचा बेत पुढे ढकलला जाणार. सीनियर विद्यार्थी आपल्या चेहऱ्यावरून टीएलसी कसं आलं ते ओळखतात, हे नव्या मुलांच्या पहिल्या काही आठवड्यांतच लक्षात येतं.

रिअॅक्शन पूर्ण झाली की ‘वर्कअप’. ती आधी क्वेंच करायची, म्हणजे उरलेला तिखट अभिकारक पाण्याने किंवा अमोनियम क्लोराइडच्या द्रावणाने थंड ठेवून शांत करायचा. मग सेपरेटिंग फनेलमध्ये इथाइल अॅसिटेटने तीनदा काढायचं, मिठाच्या संपृक्त पाण्याने धुवायचं, सोडियम सल्फेटवर कोरडं करायचं आणि ‘रोटा’वर द्रावक उडवायचं. रोटा म्हणजे रोटाव्हॅपर: निर्वातात, चाळीसेक अंशांच्या पाण्यात गरगर फिरणारा फ्लास्क. आठ-दहा जणांच्या लॅबमध्ये रोटा दोन असतात आणि दुपारी चारला त्यांच्यासमोर रांग लागते. लॅबमधली निम्मी मैत्री आणि निम्मी भांडणं या रांगेत जन्माला येतात.

खरा वेळ खातो तो कॉलम. मिश्रणातला हवा तो पदार्थ वेगळा काढण्याची ही रीत ऑरगॅनिक विद्यार्थ्याच्या आयुष्याचा फार मोठा भाग व्यापते, म्हणून ती नीट सांगायला हवी. काचेच्या उभ्या नळीच्या तळाशी कापसाचा बोळा, त्यावर वाळूचा थर. पदार्थाच्या तीस ते पन्नासपट वजनाची सिलिका पेट इथरमध्ये कालवायची आणि हे पातळ मिश्रण नळीत एका दमात ओतायचं. बाजूने रबरी नळीने ठोकत राहायचं, म्हणजे सिलिका घट्ट बसते. मधे हवेचा बुडबुडा राहिला किंवा सिलिकेला चीर गेली तर पुढचं सगळं वाकडं उतरतं. वरून पदार्थ अगदी थोड्या द्रावकात विरघळवून, भिंतीला न लागता, सपाट थरात घालायचा. आणि मग द्रावक ओतत राहायचं: आधी नुसतं पेट इथर, मग पाच टक्के इथाइल अॅसिटेट, मग दहा, मग वीस. खाली परीक्षानळ्यांच्या स्टँडवर एकेक नळी भरत जाते. प्रत्येक नळीचं टीएलसी. कोणत्या नळीपासून कोणत्या नळीपर्यंत आपला पदार्थ एकटा आहे ते ठरवायचं आणि तेवढ्याच एकत्र करायच्या.

छोटा कॉलम तासाभरात उरकतो. स्पॉट एकमेकांना चिकटून असले तर अख्खी दुपार जाते आणि संध्याकाळही. कॉलम अर्ध्यात सोडून जाता येत नाही. सिलिका किंचित आम्लधर्मी असते. नाजूक पदार्थ तिच्यावर रात्रभर राहिला तर तुटतो. शिवाय थांबलेल्या कॉलममध्ये वेगळे होत आलेले पट्टे पुन्हा पसरून एकमेकांत मिसळतात. म्हणून संध्याकाळी सहाला फोनवर ‘कॉलम चालू आहे’ एवढंच कुणी म्हटलं तर मित्रमंडळी पुढे काही विचारत नाहीत. तो साडेनऊला थेट हॉटेलवर येणार किंवा येणारच नाही, हे सगळ्यांना कळतं.

निघालेला पदार्थ तोच आहे की नाही, हे एनएमआर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात रेणूचा आलेख काढणारं यंत्र, सांगतं. पाच मिलिमीटर व्यासाच्या काचनळीत काही मिलिग्रॅम पदार्थ, अर्धा-पाऊण मिलिलिटर ड्युटेरियमयुक्त क्लोरोफॉर्म, आणि नळीवर कोड. नमुना रांगेत जातो. प्रोटॉनचा आलेख पाच-दहा मिनिटांत मिळतो, कार्बनचा मात्र, पदार्थ थोडा असेल तर, रात्रभर चालतो. आलेखात ७.२६ वर क्लोरोफॉर्मचं टोक दिसतं, २.०५, १.२६ आणि ४.१२ वर टोकं दिसली तर ते इथाइल अॅसिटेट, म्हणजे पदार्थ नीट सुकवलेला नाही. हे आकडे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला घरच्या फोन नंबरासारखे पाठ असतात. एनएमआरच्या खोलीबाहेर थांबण्याच्या या मिनिटांत वेगवेगळ्या लॅबची माणसं एकमेकांना भेटतात. अनेक ओळखी, पुढे अनेक एकत्र लिहिलेले शोधनिबंध आणि काही लग्नंही या दारात सुरू झालेली आहेत.

या सगळ्याला वर्षं का लागतात, हे संशोधन न करणाऱ्या नातेवाइकांना समजावणं अवघड जातं. एक साधा हिशोब मात्र पुरेसा आहे. निसर्गात सापडणारा एखादा गुंतागुंतीचा रेणू प्रयोगशाळेत दहा पायऱ्यांत बनवायचा आहे आणि प्रत्येक पायरीत ८० टक्के उत्पन्न मिळतं, म्हणजे चांगलंच मिळतं, असं धरू. शेवटी हातात सुरुवातीच्या १०.७ टक्के उरतात. पायऱ्या वीस असतील तर १.२ टक्के. दहा ग्रॅमपासून निघालेला माणूस अठराव्या पायरीला शे-दोनशे मिलिग्रॅम घेऊन उभा असतो आणि एका चुकीच्या रिअॅक्शनमध्ये ते संपतात. मग ‘मटेरियल परत आणायचं’. पहिल्या पायरीपासून सगळं पुन्हा, दोन-तीन महिने. या शब्दांचा लॅबमध्ये सगळ्यांना धाक असतो. ज्याच्यावर ही पाळी येते त्याला त्या दिवशी कुणी उपदेश करत नाही. दोघे उठतात आणि त्याला चहाला घेऊन जातात.

चहा ही दिवसातली पहिली सहल. सकाळी अकरा, दुपारी चार आणि रात्री जेवणानंतर, अशा तीन फेऱ्या ठरलेल्या. आवाराच्या कँटीनमध्ये किंवा फाटकाबाहेरच्या टपरीवर, अमृततुल्यात, क्रीमरोल किंवा खारीबरोबर. एका लॅबची माणसं एकत्र निघतात; निघण्याआधी कुणीतरी सगळ्या बेंचवरून हाक मारत जातं. ज्याची रिअॅक्शन उणे ७८ अंशांवर, कोरड्या बर्फाच्या आणि अॅसिटोनच्या भांड्यात चालू आहे तो येत नाही, कारण बर्फ संपत आला की भर घालावी लागते. त्याच्यासाठी पार्सल येतं. चहावर बोलणं कामाचंच सुरू होतं. कुठल्या कंपनीचा अभिकारक चांगला, कुणाच्या पेपरमधली कृती प्रत्यक्षात चालत नाही, टीएचएफ हे द्रावक ताजं ऊर्ध्वपातित केलं तरच अमुक रिअॅक्शन होते. छापील निबंधात न येणारं हे ज्ञान आहे आणि ते बहुतांशी चहावरच हस्तांतरित होतं. ग्रुप मीटिंगमध्ये सरांसमोर नवी मुलगी जो प्रश्न विचारायला बिचकते तो ती इथे आपल्या सीनियर दादाला किंवा ताईला विचारते. जी लॅब एकत्र चहाला जात नाही तिथे नवखा विद्यार्थी एकेका चुकीवर महिना घालवतो. हा फरक पाहणाऱ्याला लवकर जाणवतो.

जेवणाचं गणित मेसभोवती फिरतं. पुण्यातल्या मेसची जुनी रीत अशी की रविवारी दुपारी फीस्ट, म्हणजे गोडाधोडाचं जेवण, आणि संध्याकाळी मेस बंद. त्यामुळे रविवारची रात्र आपोआप बाहेर जाण्याची रात्र होते. कधी बाणेरला, कधी फर्ग्युसन रस्त्यावर वैशालीत, कधी डेक्कनला गुडलकमध्ये बनमस्का आणि चहावर भागवून. घर घेऊन राहणाऱ्यांकडे मात्र त्या दिवशी स्वयंपाक होतो. बंगालचा विद्यार्थी पाषाणच्या बाजारातून मासे आणतो, केरळचा नारळ खोवतो, नांदेडकडची मुलगी घरून आलेला काळा मसाला काढते. भाषा हिंदी, मधेमधे मराठी. दोन वर्षांत बंगाली मुलाला ‘अरे, बस की’ आणि ‘होऊन जाईल’ येऊ लागतं, आणि बीडच्या मुलाला सरसोंचं वाटण जमू लागतं. यात बनलेली मैत्री सहसा पुढे देशोदेशी पांगल्यावरही टिकते.

रात्रभरासाठी रिअॅक्शन लावून बाहेर पडायचं तर काही नियम पाळावे लागतात. फ्यूमहूडच्या काचेवर चिठ्ठी चिकटवायची: रिअॅक्शन काय, द्रावक कोणतं, तापमान किती, नाव, मोबाइल नंबर. रिफ्लक्स, म्हणजे द्रावक उकळत ठेवणं, असेल तर कंडेन्सरच्या पाण्याच्या नळ्या तारेने आवळायच्या. रात्री नळाचा दाब वाढतो, नळी निसटते आणि सकाळी खालच्या मजल्यावर पाणी टपकतं, हे बहुतेक इमारतींनी पाहिलेलं आहे. रात्री उशिरा एकट्याने काम करायचं नाही, धोक्याच्या रिअॅक्शन दिवसाच लावायच्या. हे नियम मोडण्याचा मोह होतो, विशेषतः निबंध पाठवायची तारीख जवळ असताना. आणि प्रयोगशाळांतले गंभीर अपघात अशाच वेळी होतात. म्हणून चांगल्या लॅबमध्ये शेवटी निघणारा माणूस सगळे हूड बघून मगच दिवे बंद करतो. मुली उशिरा परतताना दोघी-तिघींनी मिळून निघतात किंवा लॅबमधला कुणी दारापर्यंत सोडतो.

महिन्या-दीड महिन्यातून एकदा मोठा बेत ठरतो आणि तो बहुधा सिंहगडाचा असतो. शुक्रवारच्या चहावर विषय निघतो. शनिवारी दुपारपासून लॅबमध्ये एक वेगळीच लगबग दिसते. रविवार मोकळा करण्यासाठी प्रत्येक जण आपापलं काम थांबवता येईल अशा टप्प्यावर आणतो. कुणाला कॉलम संपवायचा असतो, कुणी पदार्थ आर्गॉनखाली उणे वीसच्या फ्रीझरमध्ये ठेवतो, कुणी मुद्दाम छत्तीस तास लागणारी रिअॅक्शन शनिवारी संध्याकाळी लावतो, म्हणजे सोमवारी सकाळी ती तयार. सुट्टी घेण्याचं हे नियोजन शिकायला वर्ष जातं. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी एकतर कुठेच जात नाही, नाहीतर जातो आणि सोमवारी जळलेला फ्लास्क बघतो.

पहाटे पाचला दुचाकी निघतात. वारजे, खडकवासला, डोणजे करत आतकरवाडीला गाड्या लावायच्या आणि पायवाट धरायची. गड समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच. पायथ्यापासून चढ सहाशे मीटरांच्या आसपास. रोज चढणारे पुणेकर आजोबा पाऊण तासात वर पोचतात, लॅबमध्ये दिवसभर उभे राहूनही दम नसलेल्या विद्यार्थ्यांना दीड तास लागतो. वाटेत लिंबू सरबताच्या आणि ताकाच्या पाट्या. पहिल्या टप्प्यात सगळे एकत्र असतात, मग वेगाप्रमाणे दोघादोघांच्या जोड्या पडतात आणि खरं बोलणं तेव्हा सुरू होतं. चौथ्या वर्षाचा विद्यार्थी पहिल्या वर्षाच्या मुलाला सांगतो की पहिलं दीड वर्ष काहीच हाती लागलं नव्हतं. कुणीतरी विचारतं की पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठी, पत्र कसं लिहायचं. कुणी घरच्यांनी पाहिलेल्या स्थळाबद्दल बोलतं. लॅबमध्ये ही वाक्यं निघत नाहीत, कारण तिथे हात कामात असतात आणि भिंतींना कान असतात.

वर पुणे दरवाज्यातून आत गेल्यावर वारा लागतो. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे जिथे पडले त्या गडावर त्यांच्या समाधीपाशी महाराष्ट्राबाहेरून आलेल्या मित्रांना हकिगत सांगणं हे मराठी विद्यार्थ्यांचं आवडतं काम. मग झोपडीवजा हॉटेलात जमिनीवर बसून पिठलं-भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा, कांदाभजी आणि मडक्यातलं दही. खाली खडकवासल्याचं पाणी दिसतं. पावसाळ्यात काहीच दिसत नाही आणि तरी सगळ्यात जास्त गर्दी तेव्हाच असते. उतरून परतताना धरणाच्या कडेला भाजलेलं कणीस, आणि दुपारी दोनपर्यंत घरी. अंघोळ करून दोघे-तिघे संध्याकाळी ‘जरा बघून येतो’ म्हणत लॅबकडे जातातच.

रोजच्या पायी फिरण्याला टेकड्या आहेत. पंचवटीच्या बाजूने वेताळ टेकडी जवळ पडते. शहरातली ही सगळ्यात उंच जागा, सुमारे ८०० मीटर. खाणीच्या कडेने संध्याकाळी चालताना मोर दिसतात. पाषाण तलावावर हिवाळ्यात पक्षी बघायला जाणारा एखादा तरी प्रत्येक तुकडीत निघतो. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव येतो. पंडित भीमसेन जोशी यांनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या या महोत्सवात भारतीय बैठकीचं तिकीट विद्यार्थ्याला परवडतं. सतरंजी, पाण्याची बाटली आणि शेंगदाणे घेऊन मंडळी मुकुंदनगरला जातात. शास्त्रीय गाणं कधी न ऐकलेला मुलगा पहिल्या वर्षी सोबत म्हणून येतो आणि तिसऱ्या वर्षी इतरांना ओढून नेतो. जानेवारीत चित्रपट महोत्सव, एरवी बालगंधर्वला किंवा कोथरूडला नाटक. गणपतीत रात्रभर देखावे बघत पायपीट, विसर्जनाला लक्ष्मी रस्त्यावर मानाचे पाच गणपती. दसऱ्याला कित्येक लॅबमध्ये रोटाव्हॅपरला, व्हॅक्यूम पंपाला झेंडूचा हार घातला जातो आणि पेढा वाटला जातो. वर्षभर ज्या पंपाला शिव्या दिल्या त्यालाच कुंकू लावताना सगळे मनापासून शांत असतात.

काही सहली कामाच्याच असतात. २८ फेब्रुवारीला, १९२८ साली रामन परिणामाचा शोध लागला त्या दिवशी, देशभर विज्ञान दिन पाळला जातो आणि पुण्यातल्या संशोधन संस्था शाळकरी मुलांसाठी दारं उघडतात. संशोधक विद्यार्थी उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गुलाबाचं फूल बुडवून चुरडून दाखवतात. एकच प्रयोग दिवसात चाळीस-पन्नास वेळा करावा लागतो आणि आवाज बसतो. पण सातवीतल्या मुलाने ‘नायट्रोजन पाण्यासारखा कसा झाला?’ असं विचारल्यावर उत्तर मराठीत, साध्या शब्दांत देताना विद्यार्थ्याला आपलाच विषय नव्याने समजतो. नारायणगावजवळ खोडदला, पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर, ‘जीएमआरटी’ या रेडिओ दुर्बिणीच्या आवारात भरणारं प्रदर्शनही पाहण्यासारखं असतं. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या तिथल्या शेतांमध्ये उभ्या आहेत. तिथे रसायनवाले जातात ते पाहुणे म्हणून, आणि खगोलशास्त्रातल्या मित्रांची रात्रपाळी कशी असते ते ऐकून येतात.

इतर विषयांतल्या संशोधकांचं घड्याळ वेगळं चालतं. इतिहासाचा विद्यार्थी पुणे पुराभिलेखागारात मोडी कागदपत्रांचे रुमाल सोडून बसतो. तिथली वेळ संपली की त्याला उठावंच लागतं आणि संध्याकाळ त्याची स्वतःची असते. गणिताच्या विद्यार्थ्याला जागेचं बंधन नाही, पण डोक्यातला प्रश्न गडावरही सोबत येतो. रसायनवाल्यांना या दोघांचा हेवा वाटतो आणि त्या दोघांना रसायनवाल्यांचा, कारण दहा जणांची लॅब म्हणजे दहा माणसांची रोजची सोबत. एकट्याने काम करणाऱ्या विद्यार्थ्याला आठवडाभर कुणाशी धड बोलणं होत नाही, असंही घडतं.

सोबत असूनही ताण असतोच, आणि त्याबद्दल आता पूर्वीपेक्षा मोकळेपणी बोललं जातं. सगळं भवितव्य एका मार्गदर्शकाच्या सहीवर अवलंबून असतं. बरोबरीचे मित्र नोकरीला लागून गाडी घेतात, घरून ‘अजून किती वर्षं?’ हा प्रश्न प्रत्येक फोनवर येतो. मुलींच्या बाबतीत तो लवकर आणि जास्त कडक येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांत पीएच.डी.ची मुदत किमान तीन वर्षं आणि कमाल सहा आहे, पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षं मिळतात आणि स्त्रियांना त्यावर आणखी दोन. बाळंतपणासाठी २४० दिवसांपर्यंत रजेची तरतूद आहे. नियम चांगला आहे. पण रजेवरून परतलेल्या मुलीचं मटेरियल कुणीतरी फ्रीझरमध्ये सांभाळून ठेवलेलं असणं, हे नियमात लिहिता येत नाही. ते लॅबच्या माणुसकीवर असतं.

आनंदाचेही ठरलेले रिवाज आहेत. पेपर स्वीकारला गेला की पहिल्या लेखकाने ट्रीट द्यायची; नियतकालिक जितकं मोठं तितकं हॉटेल मोठं. वाढदिवसाला रात्री बाराला लॅबमध्ये नव्हे तर वसतिगृहाच्या गच्चीवर केक, कारण लॅबमध्ये खाणं-पिणं वर्ज्य. कुणाला परदेशी पोस्टडॉक मिळालं की विमानतळावर सोडायला दोन गाड्या जातात.

शेवटच्या वर्षात हळूहळू फिरणं थांबतं. नवे प्रयोग बंद होतात आणि लिहिणं सुरू होतं. दर सहामाहीला सल्लागार समितीसमोर मांडलेलं काम आता प्रकरणांत बसवायचं. प्रत्येक नव्या रेणूचा प्रोटॉन, कार्बन, वस्तुमान वर्णपट. दशांशाच्या चौथ्या स्थळापर्यंत मोजलेलं वस्तुमान जुळलं पाहिजे. पाच वर्षांपूर्वीच्या वहीतली एक नोंद सापडत नाही म्हणून एक रिअॅक्शन पुन्हा लावावी लागते. वही रोजच्या रोज आणि तारखेसह लिहा, असं सीनियर का सांगत होते ते तेव्हा पटतं. प्रबंधाची साम्यतपासणी होते, तो दोन बाह्य परीक्षकांकडे जातो, आणि काही महिन्यांनी मौखिक परीक्षेची तारीख येते. मौखिक परीक्षा जाहीर असते. आई-वडील गावाहून पहिल्यांदाच ही इमारत बघायला येतात आणि पहिल्या रांगेत बसतात. पाऊण तास पडद्यावर रेणूंची चित्रं सरकतात. प्रश्न होतात. परीक्षक बाहेर येऊन ‘अभिनंदन, डॉक्टर’ म्हणतात आणि लॅबची मंडळी आधीच आणून ठेवलेले पेढे, बटाटेवडे, वेफर्स आणि चहा पुढे करतात.

त्यानंतर ‘नो ड्यूज’चा कागद घेऊन फिरावं लागतं. ग्रंथालय, भांडार, वसतिगृह, उपकरणांची खोली, हिशोब विभाग, प्रत्येकाची सही. लॅबमध्ये स्वतःच्या सगळ्या बाटल्यांवर कोड, वजन आणि वहीचं पान लिहून त्या यादीसह पुढच्या विद्यार्थ्याच्या स्वाधीन करायच्या. ज्यांची ओळख पटत नाही त्या रासायनिक कचऱ्यात. वह्या मार्गदर्शकाकडे जमा होतात, प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत ‘शोधगंगा’वर जाते. बेंच आठवडाभरही रिकामा राहत नाही. नव्या विद्यार्थ्याला कापसाचा बोळा किती घट्ट बसवायचा, हे शेजारच्या बेंचवरचा सीनियर दाखवतो, आणि अकरा वाजले की त्यालाही चहाला हाक मारली जाते.